खुले पत्र: अबोला घरातून वर्गात येतो

गोव्यातल्या प्राथमिक शाळांच्या पालक-शिक्षक संघांच्या सर्व सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली आहे आणि बऱ्याच शाळांत संघाची सभाही याच दिवसांत होते. त्या सभेत काय बोलले जाते ते मला पाठ आहे. डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांत मी बत्तीस वर्षे शिकवले, अशा सभा घेतल्या, त्यांची इतिवृत्ते लिहिली. गळके छप्पर, संडासाचे दार, माध्यान्ह आहारातली भाजी, स्नेहसंमेलनाची वर्गणी. हे आटोपले की उठायच्या घाईत एखाद्या मुलाचा विषय निघतो. तो मारतो. ती कुणात मिसळत नाही. हा चार-चार दिवस तोंड उघडत नाही. सगळ्यांच्या नजरा त्या मुलाच्या आईकडे वळतात, ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत खाली बघते, कुणीतरी ‘घरात जरा लक्ष द्या’ म्हणते आणि सभा संपते.

सभा संपल्यावर शिक्षक आपसांत याच्याही पुढचे बोलतात. ‘खाण तशी माती.’ मीही बोललो आहे, अनेकदा. आमच्या भागात खाणीची माती पावसात शेतात उतरली की काय होते ते सगळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे ही म्हण इथे फार सहज तोंडात येते. पण ती म्हटली की त्या मुलाबद्दलचा विचार तिथेच थांबतो. ती मी आज परत घेतो. का घेतो, ते सांगण्यासाठी हे पत्र.

१९९९चा पावसाळा. शाळा दोन शिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी बाईंकडे, आणि माझा मुलगा बाईंच्या तिसरीत. मधल्या सुट्टीत बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “सर, तुमच्या मुलाने कुणाला मारलेले नाही, शिवी दिलेली नाही. पण आज नववा दिवस आहे, तो बाकावरच्या मुलाशी बोलत नाही.” कारण इतकेच, की त्या मुलाच्या हातून याचा तांबडा खडू मोडला होता. त्याने दुसऱ्या दिवशी घरून नवा खडू आणून दिला. याने घेतला नाही. त्याने दप्तरातून दोन आवळे काढून पुढे ठेवले. याने बघितलेसुद्धा नाही. दोघे एकाच बाकावर, आणि माझा मुलगा त्याच्याकडे पाठ करून, वही मांडीवर घेऊन लिहीत होता. नवव्या दिवशी तो दुसरा मुलगा रडायला लागला. बाई म्हणाल्या, “मारामारी झाली असती तर दोघांना रागावून मी मोकळी झाले असते. याला मी काय म्हणू, सांगा.”

त्या दिवशी घरी आलो, पायरीवर पाय धुतले, आणि मुलगा बाहेर येऊन म्हणाला, “आई विचारते, चहा ठेवू?” मी म्हटले, “ठेव म्हणून सांग.” स्वयंपाकघराचे दार पायरीपासून सात-आठ फुटांवर. तिचे मला ऐकू येत होते, माझे तिला. तरी तो मध्ये उभा राहून एकाचे दुसऱ्याला सांगत होता, कारण सहा दिवस मी बायकोशी बोलत नव्हतो. ती माहेरी दोन दिवस जास्त राहिली होती, एवढ्यावरून.

तांब्यातले पाणी संपले तरी मी तिथेच उभा होतो.

आता आजोबांचे सांगतो, कारण गोष्ट माझ्यापासून सुरू होत नाही. आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांच्यात कुळागराला, म्हणजे सुपारीच्या बागेला, पाट सोडण्याच्या पाळीवरून बिनसले आणि चौदा वर्षे ते एकमेकांशी बोलले नाहीत. घर एक, विहीर एक, तुळस एक, चुली दोन. गावात आजही अशा घराबद्दल सांगताना म्हणतात, ‘तीं एकामेकांकडेन उलयनात’, आणि हे इतक्या साध्या सुरात म्हणतात, जणू घराचा रंग सांगताहेत. त्या चौदा वर्षांत निरोप नेण्याचे काम माझ्या वडिलांकडे होते. ‘काकांना सांग, आज पाट आमचा.’ ‘बाबांना सांग, सुपारी उतरवायला गडी उद्या येईल.’ आठ-दहा वर्षांचा मुलगा राजांगणाच्या, म्हणजे घराच्या मधल्या चौकाच्या, एका पडवीतून दुसऱ्या पडवीत जायचा आणि यायचा.

तो मुलगा मोठा होऊन आमचा बाप झाला. त्यांनी आम्हा भावंडांवर कधी हात उगारला नाही. आवाज चढवला नाही. राग आला की ताट बाजूला सारून पडवीत जाऊन बसत, आणि मग पाच दिवस, दहा दिवस, एकदा चवथीपासून दिवाळीपर्यंत, आईशी एक शब्द नाही. आम्ही पावलांचा आवाज न करता वावरायचो. आमचे घर गावात शांत घर म्हणून ओळखले जायचे. लोक नाव काढायचे, ‘मुले कशी गुणी आहेत, आवाज म्हणून नाही.’

या कौतुकावर थोडे थांबतो. कारण शाळेत आम्ही शिक्षकही तेच कौतुक करतो.

मुलांचे स्वतःचे एक शास्त्र असते: कट्टी आणि बट्टी. करंगळी दाखवून कट्टी, आणि बहुतेकदा शाळा सुटायच्या आत बट्टी. मोठ्यांना तो पोरखेळ वाटतो, पण माणसांत राहायचे शिक्षण तिथेच होते. रुसायचे कसे, समोरच्याला आपण रुसलो आहोत हे कळवायचे कसे, आधी कुणी जायचे, काय म्हणायचे, समोरचा आला तर आपला ताठा कसा सोडायचा. माझ्या मुलाला कट्टी येत होती. बट्टी त्याने कधी पाहिलीच नव्हती. आमच्या घरात अबोला सुटायचा, मिटायचा नाही. एका सकाळी वडील विचारायचे, “पाऊस उघडला काय गो?” आणि आम्ही समजायचो की संपले. कुणी कुणाला ‘चुकले’ म्हटलेले नाही, काय झाले होते ते बोललेले नाही. ज्याने नाते बंद केले त्याच्या मर्जीने ते पुन्हा उघडले. असे बघत वाढलेल्या मुलाच्या पुढ्यात दोन आवळे ठेवले तर त्याचे काय करायचे, हे त्याला कसे कळावे?

बाईंच्या त्या प्रश्नानंतर मी मिळेल ते वाचत गेलो. मी मानसशास्त्रज्ञ नाही, पण वाचलेले काही इथे सांगितलेच पाहिजे.

अमेरिकेत १९७०च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. आई काही महिन्यांच्या बाळाशी खेळते, हसते, बोलते. मग ठरल्याप्रमाणे चेहरा कोरा करते आणि दोन-तीन मिनिटे बाळाकडे नुसती बघत राहते. बाळ आधी हसते, हात पुढे करते, आवाज काढते, आईला परत आणण्याच्या आपल्याजवळच्या सगळ्या युक्त्या वापरते. उत्तर येत नाही म्हटल्यावर ते मान दुसरीकडे वळवते आणि रडू लागते. माझ्या मनात रडण्यापेक्षा ते मान वळवणे घर करून राहिले. दोन-तीन मिनिटांत ही गत, आणि आम्ही दिवस मोजत होतो.

मार्क कमिंग्ज या मानसशास्त्रज्ञांनी मोठ्यांची भांडणे मुलांवर काय परिणाम करतात याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी प्रत्येक पालकाला माहीत असायला हव्यात. पहिली, न बोलता दाखवलेला रागही मुलांना राग म्हणूनच कळतो आणि त्याचाही त्यांना त्रास होतो. ‘आम्ही मुलांसमोर भांडत नाही’ एवढ्याने काही झाकले जात नाही. दुसरी, भांडण मिटले हे मुलांना दिसले तर त्यांचा त्रास बराच उतरतो. म्हणजे घरात भांडण नसणे ही अट नाही. ते मिटताना दिसले पाहिजे.

आणि निरोप्या मुलाचे काय होते? मरी बोवेन नावाच्या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी पिढ्यांचा धागा धरून कुटुंबे अभ्यासली. दोन माणसांतला ताण त्यांना झेपेना की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात, आणि हा तिसरा पुष्कळदा मूल असतो, असे त्यांचे म्हणणे. बोलणे तोडून मिळवलेली सुटका खरी नसते, तोच तिढा पुढच्या पिढीत पुन्हा दिसतो, हेही त्यांनी मांडले. हे वाचताना मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. मुलींच्या दोन टोळ्या पडल्या की ही मधली. दोन्हीकडे गोड, दोन्हीकडचे निरोप नेणारी, चेहरा बघून कुणाला काय हवे ते ओळखणारी. स्वतःला काय खेळायचे आहे हे तिने कधी सांगितले नाही. मी तिच्या प्रगतिपत्रकावर ‘समजूतदार’ असे लिहिले. तिच्या घरी कोण कोणाशी बोलत नाही हे विचारायचे मला सुचले नाही, आणि त्याची खंत मला अजून आहे.

सगळीच गप्प मुले घरामुळे गप्प असतात असे मात्र समजू नका. काही बाळे जन्मतःच बुजरी असतात. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांत हे पाहिले, आणि अशा बाळांतलीही पुष्कळशी पुढे बुजरी राहिली नाहीत. बुजरे मूल कोपऱ्यातून खेळाकडे बघत असते, बोलावले तर हळूहळू येते. माझा मुलगा बघतच नव्हता. हा फरक वर्गात चार दिवस नीट पाहिला तर कळतो.

आता आपल्या गोव्याचे. आपल्याकडे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलगा-मुलगी यांना वारसाहक्क सारखा आहे, आणि २०१२चा वारसा कायदाही तेच सांगतो. आईबापांना मालमत्तेचा अर्धा हिस्सा मुलांना डावलून दुसऱ्या कुणाला देता येत नाही. हा कायदा मला अभिमानाचा वाटतो. पण त्यापायी घराघरांत काय चालते तेही आपल्याला ठाऊक आहे. बाप गेला की इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून घ्यायची कारवाई. नोटरीकडे जायचा दिवस ठरतो, बहिणीला सांगतात, ‘येऊन सही करून जा.’ तिने वाटा सोडल्याची सही केली तर चवथीला साडी. ‘माझा वाटा मला हवा’ म्हणाली तर माहेरचे दार लोटले जाते. कुणी तिला ये म्हणत नाही, नको असेही म्हणत नाही. तिच्या मुलांचा मामा एका दिवसात नाहीसा होतो, आणि का झाला हे त्यांना कुणी सांगत नाही. मग मुले आपापल्या परीने ताडतात. मामाच्या मुलाला शाळेत टाळायचे असते, एवढे त्यांना न सांगता कळते. एकाच वर्गात आतेभाऊ आणि मामेभाऊ अनोळख्यासारखे बसलेले मी पाहिले आहेत.

खाणींचेही सांगायला हवे. २०१२ साली खाणी थांबल्या, मध्ये थोड्या चालू झाल्या, मार्च २०१८मध्ये पुन्हा थांबल्या. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्या वर्षांत माझ्या वर्गातली मुले बदलली. धक्का लागला की अंगावर जाणारी झाली, काही एकदम मुकी झाली. बाप दिवसभर घरात, आणि घरात असून नसल्यासारखा. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने १९३०च्या मंदीत वाढलेल्या अमेरिकेतल्या मुलांच्या नोंदी तपासल्या तेव्हा हेच दिसले होते: गेलेल्या पैशाचा फटका मुलांपर्यंत पुष्कळसा बापाच्या चिडचिडीतून पोहोचला. आम्ही तेव्हा सभेत त्या मुलांच्या आयांनाच उभे केले. ट्रक उभा असलेल्या बापाशी एक शब्द बोललो नाही. त्यांना सभेला यायची लाज वाटत होती, आणि आम्ही ती तशीच राहू दिली.

मग खाण तशी माती खरेच ना, असे कुणी विचारेल. नाही. लंडनमध्ये पीटर फोनागी आणि मिरियम व हॉवर्ड स्टील यांनी पहिलटकरणींना गरोदरपणातच त्यांच्या स्वतःच्या बालपणाबद्दल विचारले आणि मूल वर्षाचे झाल्यावर त्याचा आईवर भरवसा कसा आहे ते पाहिले. १९९१ साली त्यांनी प्रसिद्ध केले की चारांतल्या सुमारे तीन जोड्यांत आईच्या बोलण्यावरून मुलाचे आधीच ओळखता आले होते. पुढे अनेक ठिकाणचे अभ्यास एकत्र केल्यावर हा धागा तेवढा घट्ट नाही असे दिसले, पण धागा आहे. या प्रश्नांची पद्धत कॅलिफोर्नियातल्या मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली. त्यात वजन असते ते बालपण कसे सांगितले जाते याला. बालपण सुखाचे होते की कष्टाचे, हा मुद्दा त्यामानाने दुय्यम. ज्याला आपल्या घरात काय झाले ते सरळ, न लपवता, न चिडता सांगता येते, त्याची मुले कठीण बालपणाचा वारसा पुढे नेतीलच असे नाही. ‘आमचे सगळे छान होते’ एवढेच म्हणून जो गप्प होतो, त्याच्याकडे तो वारसा गाठोड्यात बांधलेला राहतो.

आमच्या घरी ते गाठोडे बायकोने सोडले. त्या संध्याकाळी बाईंनी सांगितलेले मी तिला सांगितले. सहा दिवसांनंतरचे ते माझे पहिले वाक्य. ती म्हणाली, “हे त्याच्यासमोर बोला.” मला ते फार जड गेले. चुलीजवळ बसून मुलाला सांगितले की मी आईवर रागावलो होतो, मी बोललो नाही हे चुकले, आणि माझे बाबाही असेच करायचे. तो म्हणाला, “म्हणजे तुम्हीपण निरोप न्यायचा?” मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी त्याने काय केले ते बाईंनीच येऊन सांगितले. काही बोलला नाही तो, फक्त वही मांडीवरून उचलून बाकावर ठेवली आणि तोंड पुढे करून बसला. बोलणे त्यानंतर दोन दिवसांनी. सवय त्यानंतरही गेली नाही, माझीही नाही. पण आमच्या घरात ठरले की राग असला तरी सांगायचे: ‘मी रागात आहे, रात्रीपर्यंत बोलणार नाही.’ रात्र ही हद्द.

गेल्या चवथीला माझी धाकटी बहीण सहा वर्षांनी मूळ घरी आली. तिने वाटा मागितला होता. थोरला भाऊ तिच्याशी बोलत नव्हता, आणि मीही फोन न करून त्याच्या बाजूला उभा राहिलो होतो. या वेळी मीच तिला बोलावले. भाऊ स्टुलावर चढून गणपतीवर टांगायच्या माटोळीला कवंडळाची फळे बांधत होता. खाली कोण आहे ते न बघता हात मागे करून म्हणाला, “दोरा दे.” तिने दिला. असा आमच्याकडे अबोला सुटतो. पण खाली आमची सहा नातवंडे उभी होती. म्हणून आरती झाल्यावर मी सगळ्यांच्या देखत बहिणीला म्हटले की सहा वर्षे आम्ही तुझ्याशी वाईट वागलो, वाटा तुझा हक्काचा आहे. ती रडली. भाऊ उठून पडवीत जाऊन बसला, अगदी आमचे बाबा बसायचे त्या जागी. वाट्याची केस अजून चालू आहे. पण माझी सहा वर्षांची नात रात्री विचारत होती, “थोरले आजोबा पडवीत कट्टी करून बसलेत? मग त्यांना बोलवायला कोण जाणार?”

तुमच्याकडे माझे मागणे हे आहे. सभेची नोटीस फक्त आईच्या हाती जाईल अशी काढू नका. बाप कारखान्यात शिफ्टला असतो, बोटीवर असतो, आखातात असतो, आणि मूल आजीकडे वाढत असते. मग आजीला बोलवा. वर्षातून एक सभा रविवारी सकाळी देवळाच्या सभामंडपात घ्या, तिथे म्हातारी माणसे आपसूक येतात. एखाद्या मुलाबद्दल बोलायचे असेल तर चारचौघांत बोलू नका. घरच्यांना वेगळे बसवून घ्या आणि ‘घरी काय चालले आहे’ असे दरडावून न विचारता एवढेच विचारा: तुमच्या लहानपणी घरात कुणी रागावले की काय व्हायचे? हा प्रश्न मी नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत किती आया-बापांना विचारला असेन. सुरुवातीला हसतात. मग एखादी आजी पदर तोंडाला लावते आणि बोलायला लागते, आणि शेजारी बसलेला तिचा मुलगा ते पहिल्यांदाच ऐकत असतो.

एक काळजी घ्या. मार खाणाऱ्या बाईचे गप्प राहणे म्हणजे अबोला नव्हे, ती भीती आहे. तिथे समेटाची भाषा करू नका. मुलाला धोका दिसला तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर कळवा.

आणि शिक्षकांना एक विनंती. २००३च्या गोवा बाल कायद्याने शाळेतली छडी बंद केली, फार बरे झाले. पण तिच्या जागी आपल्यातल्या अनेकांनी दुसरी शिक्षा आणली: ‘आजपासून याच्याशी कुणी बोलायचे नाही.’ मी ती स्वतः दिली आहे, एका चौथीतल्या मुलाला, दोन दिवस. वळ उठत नाही म्हणून ती सौम्य वाटते. ती ताबडतोब बंद करा. आणि एखाद्या मुलावर आपण विनाकारण ओरडलो असू तर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गासमोर ‘काल माझे चुकले’ असे म्हणा. काही मुले मोठ्या माणसाच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकतील.

डिचोली-सत्तरीतल्या कुठल्याही शाळेने बोलावले तर मी येईन, मानधन नको. फक्त यंदाच्या नोटिशीत एक ओळ वाढवा: ‘आजी-आजोबांनी व बाबांनीही यावे.’

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
डिचोली तालुका, गोवा